क्रॅनबेरीच्या खालची ओळ

१

चौकी उघडली की मी आधी हीटर लावायचे, मग थर्मासचं झाकण काढायचे आणि मग टर्मिनल सुरू करायचे. पाच वर्षांत या क्रमात बदल झाला नाही. माणसं सव्वासातला यायला लागायची. तोवर पडदा तापून कोपऱ्यात पांढरी चौकट लुकलुकायला लागलेली असायची.

आमची खाण चुनखडीची. दगड काढणं तीस वर्षांपूर्वी थांबलं, आता आत कागद असतात. खटल्यांचे, विम्याचे, जमिनींचे, कुणी कधी मागेल म्हणून जपून ठेवलेले. ते शोधायला, लावायला आणि पुन्हा खोक्यांत भरायला साठ माणसं रोज डोंगराच्या पोटात जायची आणि संध्याकाळी बाहेर यायची. कोण आत गेलं नि कोण बाहेर आलं, ते टाइप करणं माझं काम. नाव, वेळ, 'आत'. नाव, वेळ, 'बाहेर'. सव्वाचारला वरच्या ऑफिसातला मोठा कॉम्प्युटर सांगायचा, आत शून्य. मग मी चौकीतली आठ बटणं खाली करून आतले दिवे घालवायचे, लोखंडी दाराला कुलूप लावायचे आणि किल्ली वर साहेबाच्या खोलीत टांगून घरी जायचे.

पूर्वी पितळी बिल्ले होते. जो तो आपला बिल्ला आपल्या हाताने खिळ्याला लावायचा आणि निघताना काढून न्यायचा. टर्मिनल आलं तेव्हा बिल्ल्यांची फळी उतरली. जुने खाणवाले कुरकुरले, आपल्या जिवाची नोंद दुसऱ्याच्या बोटांवर कशाला म्हणून. आमचा साहेब डेल स्टिफलर हसला आणि त्यांच्या समाधानासाठी टर्मिनलचं तोंड दाराकडे करून ठेवलं. दारात तळहाताएवढी जाळीची काच आहे. आतल्या माणसाने तिथून बघितलं की आपलं नाव पडद्यावर चढलं की नाही ते दिसतं.

या यंत्राच्या दोन तऱ्हा असतात. कीबोर्डावर दोन बारीक दिवे आहेत, एक लाइनचा, एक लोकलचा. लाइनवर असताना तुम्ही दाबलेलं अक्षर तारेतून वर मोठ्या कॉम्प्युटरकडे जातं, तिथून परत येतं आणि मग पडद्यावर दिसतं. लोकलवर टाकलं की ते कुठेच जात नाही. कीबोर्डाचं पडद्याला कळतं, बाकी जगात कुणाला पत्ता नसतो. दिसायला मात्र दोन्ही अगदी सारखंच दिसतं. म्हणून तर आम्ही सगळ्याच बायका लोकलचा कच्च्या वहीसारखा उपयोग करायचो. कुणी पाककृती लिहायची, कुणी साहेबाला शिव्या. काम झालं की पडदा पुसायचा. यंत्राला चोवीस ओळींपलीकडे काही आठवत नाही आणि वीज गेली की तेवढंही नाही.

सकाळी माणसं येण्याआधी मी लोकलवर टाकून सगळी अक्षरं एकदा दाबून बघायचे. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यातल्या सोमवारी मी लोकलवर टाकलं आणि एकही अक्षर दाबायच्या आधी पडद्याच्या मध्यावर एक ओळ दिसली.

क्रॅनबेरी, दोन पिशव्या.

मी पडदा पुसला. ओळ गेली. मग मी साठ नावं टाइप केली, त्यात तीन चुकवली.

२

ती ओळ माझीच होती. पण ती वर्षापूर्वीची होती.

मागच्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी, बुधवारी, खाण साडेतीनलाच बंद होणार होती. गुरुवारी सण, आणि पुढच्या सोमवारी हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. त्या दिवशी आमच्याकडे शाळाही उघडत नाहीत, मग खाण कोण उघडतो? बुधवारी लावलेलं दार एकदम मंगळवारी उघडायचं. दुपारी चौकीवर शुकशुकाट होता. मी लोकलवर टाकून सणाची यादी लिहीत बसले होते. टर्की, बटाटे, लोणी, क्रॅनबेरी.

ऑरिन पेल आत खोकी वाहायची गाडी चालवायचा. दाताच्या फटीतून शीळ घालायची त्याला सवय होती आणि मला तो पीटरबाई म्हणायचा, स्वर्गाच्या दारावर सेंट पीटर वही घेऊन बसतो ना, त्यावरून. तो दोन वीसला बाहेर पडला होता, तशी नोंद मी केली होती, लाइनवर, व्यवस्थित. दोन चाळीसला तो धापा टाकत परत आला. शिकारीचा परवाना आत खुंटीवर राहिला होता. परवाना पाठीवर टाचलेला नसला तर वनरक्षक बंदूक काढून घेतो. "पीटरबाई, पाच मिनिटांत येतो," म्हणाला. मी क्रॅनबेरीच्या खाली त्याचं नाव टाइप केलं. पेल ऑरिन, दोन चाळीस, आत.

तेवढ्यात आतून घोळका यायला लागला. सगळ्यांना घाई. लोकलचा दिवा माझ्या लक्षात आला, मी झटक्यात लाइनवर टाकलं, पडदा कोरा झाला आणि मी बाहेर पडणाऱ्यांची नावं ठोकत सुटले. साडेतीनला मोठा कॉम्प्युटर म्हणाला, आत शून्य. मी दिवे घालवले, कुलूप लावलं आणि ओहायोला भावाकडे निघाले.

ऑरिनला वरच्या रस्त्यावरून त्याचे मित्र शिकारीच्या झोपडीवर नेणार होते. त्यांनी तासभर वाट पाहिली आणि दुसऱ्या कुणाबरोबर पुढे गेला असेल असं समजून ते निघाले. शनिवारी त्यांनी बोंब ठोकली. मग दोनशे माणसांनी आठ दिवस जंगल पिंजून काढलं. खाणीत कुणी बघितलं नाही, कारण खाणीच्या नोंदीत तो दोन वीसला बाहेर पडलेला होता. पुढे लोक म्हणायला लागले, गेला असेल पळून, घरात म्हातारी आई, कटकट, कंटाळला असेल.

मी मूग गिळून बसले. मला आधी आठवलंच नव्हतं असं मी स्वतःला सांगत राहिले. ते खोटं आहे, पण कधी आठवलं ते मी पुढे सांगेन. मंगळवारी मी दार उघडलं. आतल्या बाजूला कुणी नव्हतं. मी मनाशी हिशेब केला की आत अडकलेला माणूस दाराशीच बसेल. दाराशी कुणी नाही, म्हणजे आत कुणी नाही, म्हणजे तो त्या घोळक्यातून बाहेर पडला असणार. हा हिशेब मी वर्षभर रोज केला आणि रोज तो बरोबर आला.

कागदांच्या खोल्यांच्या पलीकडे लाकडी अडसर आहे आणि त्याच्या पलीकडे खाणीचा जुना भाग, मैलोन् मैल, शेवटी पाणी. दिवे घालवल्यावर आत स्वतःचा हात दिसत नाही. हे मला हिशेब करताना आठवायचं नाही.

३

त्याची बहीण थेल्मा आत फाइलिंगला होती आणि दुपारचा डबा माझ्याबरोबर चौकीत खायची. हे आधीपासूनचं. भाऊ नाहीसा झाल्यावर ती अधिक वेळ बसायला लागली. कोबी घालून परतलेल्या शेवया आणायची, अर्ध्या मला द्यायची आणि ऑरिनला शिव्या हासडायची. आईला पायरी उतरवत नाही, बर्फ मी काढायचा, छत मी बघायचं, आणि हा राजा फ्लोरिडात पाय पसरून बसला असेल. मी मान डोलवायचे. तिच्या शेवया माझ्या घशाखाली उतरायच्या याचंच मला कधीकधी नवल वाटायचं.

त्या सोमवारी ती म्हणाली की ऑरिनचा जुना शिकारीचा कोट ती या आठवड्यात चर्चला देऊन टाकणार आहे.

"वर्ष झालं. किती दिवस खुंटीवर बघायचा? आई रोज त्याची बटणं चाचपते."

मी म्हटलं, थांब की अजून थोडी.

"कशासाठी थांबू, व्हर्ना? मेला असता तर रडून मोकळी झाले असते. पळाला म्हणून शिव्या द्याव्या लागतात, आणि शिव्या काही संपत नाहीत." तिने डबा पुसून झाकण लावलं. "ते जाऊ दे. या वर्षी भावाकडे नको जाऊस. आमच्याकडे ये जेवायला. काही आणू नकोस, फक्त क्रॅनबेरी आण."

मी हो म्हटलं. नाही म्हणायला कारण सुचलं नाही. संध्याकाळी भावाला फोन करून कळवलं की यंदा मी येत नाही.

४

मंगळवारी सकाळी लोकलवर पुन्हा तेच. या खेपेला टर्की, बटाटे, लोणी आणि क्रॅनबेरी, चारही ओळी, फिकट, जागच्या जागी. खाली आणखी एक ओळ होती, पण मी पडद्याचा उजेड पार कमी करून टाकला आणि दुरुस्तीवाल्याला फोन केला.

लाइल फ्रोबर्ग दुपारी आला. जाडा, खोकणारा, सतत पेपरमिंट चघळणारा माणूस. त्याला मी फक्त एवढंच सांगितलं की पडद्यावर जुनी अक्षरं दिसतात. तो हसला. म्हणाला, एकच मजकूर महिनोन् महिने पडद्यावर राहिला की काचेच्या आतला थर जळतो आणि अक्षरांचा डाग कायमचा बसतो. सगळ्या यंत्रांना होतं. डाग बघायचा तर पडदा उलटा करायचा, म्हणजे काळ्यावर पांढरं असतं ते पांढऱ्यावर काळं. त्याने दोन बटणं दाबली. पडदा एकदम पांढराफेक झाला, चौकीच्या भिंतीवर उजेड पडला, आणि त्या पांढऱ्यावर माझी यादी राखाडी अक्षरांत उभी राहिली.

"टर्की, बटाटे," तो वाचायला लागला. "काय बाई, यादी लिहून सहा महिने पुसलीच नाहीस वाटतं?"

"अर्धा तास होती," मी म्हटलं.

"अर्ध्या तासात काही जळत नाही."

"खालची ओळ वाचता येते का तुला?"

तो डोळे बारीक करून वाकला. खाली नुसता मळका पट्टा आहे म्हणाला, अक्षरं नाहीत. मला मात्र ती स्वच्छ दिसत होती. तेव्हा मला जरा बरं वाटलं, खरं सांगते. चोराच्या मनात चांदणं. माझ्याच डोळ्यांचा खेळ असेल तर तो माझ्यापुरता राहील, चष्म्याचा नंबर वाढला असेल, झोप नाही. काचेला डाग आहे, बाकीची अक्षरं माझं मन जोडतंय.

लाइल म्हणाला, काच बदलावी लागेल, सुट्टीनंतर मंगळवारी नवी घेऊन येतो. जायच्या आधी त्याने एक शेवटची चाचणी घेतली. नेहमी एका ओळीत ऐंशी अक्षरं मावतात. रुंद तक्ते बघायचे असले की एकशे बत्तीसवर टाकता येतं, मग सगळी अक्षरं बारीक होतात. त्याने एकशे बत्तीसवर टाकलं आणि पेचकस उचलायला खाली वाकला.

काचेवरचा डाग काचेला असतो. अक्षरं बारीक केली म्हणून डाग बारीक होत नाही. चहाचा डाग पडलेल्या टेबलावर दुसरी चादर घातली तरी डाग तेवढाच राहतो. पण माझी यादी बारीक झाली. टर्की, बटाटे, लोणी, क्रॅनबेरी आक्रसून डावीकडे सरकली आणि उजवीकडे मोकळी जागा झाली. खालची ओळ त्या मोकळ्या जागेत पुढे गेलेली होती. ऐंशीच्या पलीकडे ती इतके दिवस आमच्या नजरेबाहेर पडत होती, एवढंच.

पेल ऑरिन, दोन चाळीस, आत. दार तीन अडतीस. दार चार पाच. दार पाच. दार सहा दहा. मध्ये गुरुवार. दार, दार. वेळांमधली अंतरं आधी थोडी होती, मग वाढत गेली. ओळ उजव्या कडेपर्यंत पोचली होती आणि तिथे तिला पुढे जायला जागा नव्हती. अशा वेळी हे यंत्र शेवटच्या घरात एकावर एक अक्षर मारत राहतं. त्या शेवटच्या घरात एक आकडा बदलत होता. पाच, नऊ, दोन, एक.

लाइल उठून उभा राहिला आणि त्याने परत ऐंशीवर टाकलं. "झालं, चालतंय व्यवस्थित," म्हणाला. मी त्याला कॉफी दिली. माझ्या हातून बशीत सांडली ती त्याने पुसून घेतली आणि हीटरच्या जवळ बस, थंडी आहे, असं सांगून तो गेला.

५

रात्रभर मी समजूत घातली. मंगळवारी काच बदलेल, काचेबरोबर यादी जाईल, आणि ताकास तूर लागणार नाही. एक आठवडा नजर वळवून काढायचा. वर्ष काढलं, आठवडा काय.

पण तो बदलणारा आकडा जाईना. माणूस अंधारात वर्षभर जगत नाही, हे मला कळतं, मी काही वेडी नाही. तरी जे अजून लिहिलं जातंय ते कुणीतरी लिहितंय, आणि लिहिणारा अजून दाराशी येतोय, एवढं माझ्या डोक्यातून निघत नव्हतं. पहाटे मी ठरवलं. मागच्या वर्षी मंगळवारी दाराशी डोकावून जो हिशेब केला तो आता आत जाऊन करायचा. अडसरापर्यंत जायचं, पलीकडे टॉर्च मारायची. काही सापडलं तर थेल्माला सांगायचं. नाही सापडलं तरी सांगायचं. कोट चर्चला जायच्या आत.

बुधवारी माणसं लवकर निघाली. अडीचपर्यंत बहुतेक बाहेर होती. मी हातासरशी लोकलवर टाकून एकदा बघितलं, पडदा उलटा, एकशे बत्तीसवर. यादी होती, ओळ होती, आकडा बदलत होता. तेवढ्यात थेल्मा बाहेर आली. मी तिचं नाव टाइप केलं आणि तिला म्हटलं, दहा मिनिटं माझ्या खुर्चीवर बस, आत माझा स्वेटर राहिलाय. माझं नाव टाक आणि कुणी बाहेर आलं तर त्याचं टाक.

"तुझा स्वेटर आत कशाला गेला?" ती म्हणाली. पण बसली. मागे वळून बघितलं तेव्हा तिने हातमोजे काढले होते आणि टाइप करत होती.

लोकलवरून मी लाइनवर टाकलं होतं की नाही, हे मला आठवत नाही. मी खूप आठवून बघितलंय.

६

खाणीत बारा महिने सारखीच थंडी असते. कागदांच्या खोल्या मागे पडल्या, पांढरे रंगवलेले खांब संपले आणि अडसर आला. फळ्या पक्क्या होत्या, पण खालची एक फळी आतल्या अंगाला ढकललेली होती, माणूस सरपटत जाईल एवढी. मी गुडघ्यांवर बसून टॉर्च मारली. ओला दगड, लांबवर थेंब पडल्याचा आवाज. फळीपासून दोन हातांवर एक खिळा पडलेला होता आणि त्यापुढे आणखी एक. दगडावर खिळ्याने उभ्या रेघा ओढलेल्या होत्या. त्या मी मोजल्या नाहीत. टॉर्चचा उजेड त्या रेघांबरोबर आत आत जात राहिला, मग मीच तो दुसरीकडे वळवला.

मी पळत परत आले. पहिल्या वळणापाशी होते तेव्हा मागचे दिवे गेले. मग मधले.

दाराला बाहेरून कडी होती. मी त्यावर हात आपटले. काचेतून चौकी दिसत होती, पांढरा पडदा, आणि पडद्यापुढे थेल्मा उभी. तिच्या कोटाला गुंड्या लावलेल्या होत्या. ती दारापाशी आली. काचेच्या इतकी जवळ की काच तिच्या श्वासाने धुरकटली.

"व्हर्ना," ती शांतपणे म्हणाली. दारामुळे आवाज खोलातून आल्यासारखा येत होता. "क्रॅनबेरी किती पिशव्या?"

"दोन," मी म्हटलं.

"त्याच्या खाली कोण?"

वर्षभर मी ते नाव तिच्यासमोर उच्चारलं नव्हतं, ती उच्चारायची, मी मान हलवायचे.

"ऑरिन."

"किती वाजता?"

"दोन चाळीस. थेल्मा, परवाना राहिला होता त्याचा, मी नाव लिहिलं होतं, पण ते लोकलवर..."

"आठवलं कधी तुला?"

इथे मी खोटं बोलू शकले असते. मंगळवारी म्हटलं असतं, किंवा महिन्याने. मंगळवारपर्यंत सगळं संपलेलं असणार, ते तिने कदाचित सहन केलं असतं. पण त्या काचेसमोर मला खोटं सुचेना.

"गुरुवारी," मी म्हटलं. "जेवताना. वहिनीने क्रॅनबेरीची वाटी माझ्याकडे सरकवली तेव्हा. डेल शिकारीच्या झोपडीवर होता, तिथे फोन नाही, किल्ली त्याच्या खोलीत. बाहेर बर्फ पडत होता. मला वाटलं, बाहेर पडला असेल. वाटलं, उद्या बघू."

"उद्या," थेल्मा म्हणाली.

ती चौकीत गेली. शेवटची बटणं खाली गेली, कुलूप फिरलं. तिने हातमोजे घातलेले मला दिसले. टर्मिनल तिने बंद केलं नाही.

७

आतून फोन करायचा तर एकच फोन आहे, पहिल्या वळणावर, आणि तो फक्त चौकीत वाजतो. मी भिंतीला हात लावून तिथवर जाते, फोन करते, दाराच्या पलीकडे घंटा वाजल्याचं इथवर ऐकू येतं. कुणी उचललं नाही तर भिंतीला हात लावून परत येते, कुणी आलंय का बघायला. रखवालदार वरच्या रस्त्यापर्यंतच येतो. डेल झोपडीवर आहे. भाऊ समजतोय मी थेल्माकडे जेवायला आहे. माझं सोडून बाकीच्यांची नावं थेल्माने लाइनवर टाकली असणार, म्हणजे मोठ्या कॉम्प्युटरच्या लेखी आत शून्य. मंगळवारी दार उघडेल, किंवा त्याआधी थेल्माचं मन बदलेल. मी तिच्या जागी असते तर माझं बदललं असतं का, हे मी स्वतःला विचारत नाही.

सात खेपा झाल्या. टॉर्च दुसऱ्या खेपेलाच पिवळी पडली होती. आता उजेड म्हणजे तेवढी काच, लांबून दिसणारा पांढरा चौकोन. तो आहे म्हणून मला दार सापडतं. मी प्रत्येक वेळी घड्याळ काचेशी धरून वेळ बघते. तीन अडतीस. चार पाच. पाच. त्या वेळा मी आधी कुठे वाचल्या ते मला माहीत आहे, म्हणून पुढच्या खेपेला मुद्दाम थांबले, मनात दोनशेपर्यंत मोजलं आणि मग निघाले. दाराशी पोचले तेव्हा सहा दहा झाले होते.

आठव्या खेपेला फोन ठेवला आणि वळले, तर चौकोन दिसेना. मला वाटलं पडदा गेला. मग मधोमध काळं आणि कडेने उजेड असं दिसायला लागलं, आणि मी जवळ जात राहिले, कारण दुसरीकडे कुठे जाणार? काचेपुढे कुणाचं तरी डोकं आडवं आलं होतं. माझ्याकडे पाठ होती. काचेला नाक लावून तो पलीकडचा पडदा वाचत होता, आत असणारं माणूस आपलं नाव चढलंय का ते वाचतं, तसा. पाठीवर परवान्याचा चौकोनी तुकडा टाचलेला होता.

मी थांबले. माझा श्वास त्याला ऐकू गेला असावा. तो वळला नाही. जरासा बाजूला सरकला, मलाही वाचता यावं म्हणून.